लाल टाक्याचा मालक

साडूचं घर दोन गल्ल्या सोडून, पण नोटीस आली ती रजिस्टर पोस्टानं. पिशवीवाल्यानं सही करून पाकीट घेतलं, उघडलं, पहिली ओळ वाचली आणि कागद मुलीकडे सरकवला.

"वाच गं. तुझ्या काकांनी वकिलाकडून शिव्या लिहून घेतलेल्या दिसतात."

मुलीनं वाचलं. शिव्या नव्हत्या. पिशवीच्या बंदाच्या मुळाशी घातलेला लाल टाका ही आमच्या अशिलाच्या मालाची खूण आहे, ट्रेडमार्क म्हणून तिच्या नोंदणीचा अर्ज केला आहे, तरी आपण हा टाका घालणं ताबडतोब थांबवावं, नाहीतर पुढच्या परिणामांना आपण जबाबदार, असं होतं.

"आईचा टाका?" मुलगी म्हणाली. "काकांच्या मालाची खूण?"

पिशवीवाल्यानं कात्री खाली ठेवली. तो कापायचा आणि त्याची बायको शिवायची, असा त्यांचा धंदा आणि असाच संसार. दुकानावर धड नाव नव्हतं. पाटीवर नुसतं 'पिशव्या' लिहिलेलं. पण गावात कुणालाही विचारा, लाल टाक्याची पिशवी कुठं मिळते, तर लोक इथंच आणून सोडायचे. जाड कापडाची पिशवी, चामड्याचे दोन बंद, आणि प्रत्येक बंद जिथं कापडाला भिडतो तिथं एक जाड लाल टाका. तेवढी एकच ओळख. टाका घालणारी ती गेली, त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. आता टाका मुलगी घालत होती. तिला आईनं हात धरून शिकवला होता.

"मी येतो जाऊन," तो म्हणाला.

"बाबा, हातात कात्री नको."

त्यानं खाली बघितलं. कात्री पुन्हा हातात आली होती. ती ठेवून तो निघाला.

साडूच्या कारखान्यात मशिनी ओळीनं खडखडत होत्या. साडू एका उंच खुर्चीवर बसून कापडाचे गठ्ठे मोजून घेत होता. याला बघून तो हसला. हसायला त्याला कधी कारण लागत नसे.

"या, साडूभाऊ! पाणी घ्या. उन्हाचे आलात."

"इथं पाणी घ्या म्हणता आणि तिकडं पाणी पाजायला नोटीस धाडलीत?"

"ते होय. अहो, ते वकिलाचं काम. धंद्यात असं करावं लागतं. मनाला लावून घेऊ नका."

"टाका कुणाचा, ते सांगा."

साडूनं हात पुसले. "घरचा. दोघी बहिणी एकाच घरात सुई धरायला शिकल्या. टाका त्यांच्या माहेरचा. माहेर जेवढं तुमच्या हिचं, तेवढंच आमच्या हिचं."

"मग इतकी वर्षं तुमच्या पिशव्यांवर का नव्हता? माहेर विसरला होतात?"

"होता की! तुमचं लक्ष कुठं होतं? तुम्ही बायकोच्या हाताकडे बघण्यात गुंग." साडू कामगारांकडे बघून म्हणाला आणि दोघंतिघं हसले.

आतल्या दारात मेहुणी उभी होती. बहिणीसारखीच बुटकी, बहिणीसारखाच पदर खोचलेला. पिशवीवाल्यानं तिच्याकडे बघून विचारलं, "तू सांग. टाका माहेरचा?"

ती म्हणाली, "हे बोलतात ते बोलतात," आणि आत गेली.

"ऐकलंत?" साडू म्हणाला. "आता घरी जा, भावोजी म्हणून सांगतो—"

"तुम्ही माझे भावोजी नाही. साडू आहात. आणि ती गेली तेव्हापासून तेही नाही."

तो तिथून थेट वकीलबाईंकडे गेला. वकीलबाईंचं ऑफिस एका जिन्याखाली होतं आणि त्यात फायली, एक पंखा आणि त्या स्वतः, एवढंच मावत होतं. त्यांनी नोटीस वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्ही नोंदणी का केली नाहीत?"

"टाक्याची नोंदणी करतात हेच ठाऊक नव्हतं. कुणी कावळ्याच्या काळ्या रंगाची करतं का?"

"करायचा प्रयत्न करणारे आहेत. दुसऱ्या कावळ्यानं केला तर तुम्हाला पांढरं व्हावं लागेल." त्या हसल्या नाहीत. "तरी घाबरू नका. त्यांनी नुसता अर्ज केलाय. आपण हरकत घेऊ आणि आपलाही अर्ज टाकू. आधीपासून कोण वापरतंय ते बघतात. गिऱ्हाईकं सांगतील?"

"अख्खा बाजार सांगेल."

"छान. आता नीट ऐका." त्यांनी त्याचीच पिशवी उचलून टेबलावर ठेवली आणि टाक्यावर बोट टेकवलं. "खूण म्हणजे काय, तर माल कुणाचा ते सांगणारी गोष्ट. तेवढंच तिचं काम. जी गोष्ट मालाला चालायलाच लागते, ती खूण म्हणून एकाला देत नाहीत. उद्या कुणी म्हणेल, चाक गोल असणं ही माझी खूण, तर बाकीच्यांनी गाड्या ओढत न्यायच्या का? कळलं?"

"कळलं."

"तर हा टाका नुसता ओळखीपुरता. हो ना?"

पिशवीवाल्यानं तोंड उघडलं. "त्याचं असं आहे बाई, हा टाका—"

वकीलबाईंनी हात वर केला. "मी तुम्हाला काही विचारलं नाही आणि तुम्ही मला काही सांगितलं नाही. सुनावणीत मी बोलेन. तुम्ही मिठाची गुळणी धरून बसायचं. जमेल?"

"जमवतो."

"जमवतो नको. जमेल म्हणा."

"जमेल."

मुलीला त्यानं घरी आल्यावर हे सगळं सांगितलं. तिचे डोळे चमकले. एक मोठं दुकान, शहरभर शाखा असलेलं, यांच्या पिशव्या घ्यायला तयार होतं. पण त्यांची अट होती की खूण नोंदलेली हवी, उद्या भांडण नको. मुलीनं त्यासाठी दोन बायका शिवायला ठेवायचंही ठरवून टाकलं होतं.

"बाबा, एक दिवस गप्प बसायचं आहे. आईसमोर तुम्ही आयुष्यभर बसलात."

"ती बोलू देत नव्हती, म्हणून जमलं."

जेवताना त्यानं सवयीनं ताटाच्या पलीकडे बघितलं आणि मग पाण्याचा तांब्या उगाच तिकडून इकडे ठेवला. त्याला दुकान नको होतं आणि दोन बायकाही नको होत्या. तिचा टाका तिच्या घरात राहावा, एवढंच हवं होतं. तिच्या मागे तिचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. दागिना तिनं कधी केला नाही आणि फोटोत ती नेहमी दुसरीकडे बघायची.

ट्रेडमार्क कचेरीतली सुनावणीची खोली लांबट होती. खिडकीच्या कठड्यावर फायली, मधे टेबल, टेबलाच्या डोक्याशी अधिकारी. त्यांना सर्दी झाली होती आणि रुमाल हातातच होता. टेबलावर नमुन्याच्या दोन पिशव्या ठेवलेल्या, एक याची, एक साडूची. लांबून जुळ्या दिसाव्या अशा. एका बाजूला साडू, मेहुणी आणि त्यांचा नव्या काळ्या कोटातला तरुण वकील. दुसऱ्या बाजूला वकीलबाई, पिशवीवाला आणि त्याची मुलगी. नमस्कार कुणी कुणाला केला नाही.

वकीलबाईंनी सुरुवात चांगली केली. भाजीवाले, मास्तर, दवाखान्यातल्या नर्सबाई, सगळ्यांनी लिहून दिलं होतं की लाल टाका म्हणजे याच दुकानाची पिशवी, कैक वर्षांपासून. अधिकारी मान हलवत होते. साडू खुर्चीत चुळबुळ करायला लागला. पिशवीवाला तोंड मिटून बसला होता आणि मुलीनं टेबलाखालून त्याच्या मनगटावर हात ठेवला होता.

मग तरुण वकील उठला.

"साहेब, टाका तिथं दिसत होता, हे आम्ही नाकारतच नाही. पण तो काय होता? मृत बाई हातानं शिवत. नजर अधू झालेली. शिवणीचा शेवट नीट बसत नसे, दोरा सुटत असे. ते झाकायला हाताला येईल तो रंगीत दोरा वरून मारत. साहेब, ती खूण नव्हती, ते ठिगळ होतं. त्या ठिगळाची खूण केली ती माझ्या अशिलाच्या पत्नीनं."

पिशवीवाला खुर्चीत पुढे सरकला. मुलीनं मनगट आवळलं.

वकीलबाई म्हणाल्या, "साहेब, याला काही पुरावा?"

"पुरावा कशाला?" साडू मधेच बोलला. बोलायची त्याला हौसच. "घरातलीच गोष्ट आहे. ताईंचं शिवण तसं कच्चंच. आम्ही कधी बोललो नाही, एवढंच. गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं?"

पिशवीवाला उठला. मुलीच्या हातातून मनगट कधी सुटलं ते त्यालाही कळलं नाही.

"कच्चं?"

"बसा," वकीलबाई दातातल्या दातात म्हणाल्या.

"कच्चं म्हणतो हा!" त्यानं टेबलावरची आपली पिशवी उचलली आणि एक बंद साडूच्या छातीवर आपटला. "धर."

"साहेब, हे बघा, हा माणूस—"

"धर म्हणतो ना! मशिनी चालवून हात गेले का?"

सगळे बघत होते, म्हणून साडूनं बंद धरला. पिशवीवाल्यानं दुसरा धरला आणि पाय रोवून मागे झुकला. साडू अंगानं दांडगा, त्यालाही मग चेव आला आणि त्यानंही ओढलं. टेबल करकरलं. फाईल खाली पडली. अधिकाऱ्यांनी रुमाल नाकाशी तसाच धरून ठेवला होता. दोन बाप्ये, दोघांचे केस पांढरे, एक पिशवी दोन टोकांना ओढत होते आणि पिशवी हूं की चूं करत नव्हती.

पिशवीवाल्यानं ती सोडली. साडू खुर्चीवर आदळला.

"आता याची." त्यानं दुसरी पिशवी घेतली, तळ पायाखाली दाबला आणि बंदाला एक हिसका दिला. बंद उपटून हातात आला. लाल दोरा मागे लोंबत होता. दाराशी उभा असलेला शिपाई फिसकन हसला आणि मग खोकला.

"बघा साहेब! यानं लाल दोरा वरून चिकटवलाय, नवरीला टिकली लावावी तसा. माझ्या बायकोचा टाका आतून येतो. चामडं, कापड, आतली पट्टी, तिन्ही एकदम पकडतो आणि स्वतःवरच गाठ मारतो. एकदा भर बाजारात एका बाईच्या पिशवीचा बंद तुटला, सगळं सामान रस्त्यावर, आणि त्या बाईनं पिशवी हिच्या तोंडावर फेकली. त्यानंतर हिनं हा टाका काढला. किती पिशव्या उसवून पुन्हा शिवल्या असतील! साधा दोरा टिकेना, तेव्हा ताडपत्री शिवणाऱ्याकडून त्याचा दोरा आणला. तो लालच यायचा, म्हणून टाका लाल. तेव्हापासून आमच्या एकाही पिशवीचा बंद निघालेला नाही. आणि हा म्हणतो कच्चं!"

तो थांबला. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले होते. तरुण वकील मात्र हळूहळू हसायला लागला होता आणि साडूला कळत नव्हतं की त्याचा वकील हसतोय कशाला.

अधिकाऱ्यांनी रुमाल खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता.

"म्हणजे हा टाका बंद धरून ठेवतो, असं तुमचं म्हणणं?"

आत्ता कुठं पिशवीवाल्याला वकीलबाईंचं गोल चाक आठवलं.

"नीट विचार करून सांगा," अधिकारी म्हणाले. "रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो. मी ते धरून बसत नाही. पुन्हा विचारतो. हा टाका ओळख पटावी म्हणून घालतात, की पिशवीला तो लागतो?"

मुलगी त्याच्याकडे बघत होती. तिनं ओठ हलवले, ओळख, एवढंच. एक शब्द. तो म्हटला की टाका कायमचा घरचा. साडूला हात लावता येणार नाही, बाजाराला येणार नाही. पण मग साडू बोलला तेही राहणार. टाक्याला काही काम नव्हतं, बाई उगाच लाल दोरा मारायची. ते तिचा नवरा स्वतः सही करून सांगणार.

"लागतो," तो म्हणाला. "त्याच्याशिवाय पिशवी म्हणजे फडकं."

वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं.

निकाल लेखी आला, पण काय येणार ते सगळ्यांना तिथंच समजलं होतं. जो टाका मालाला मजबुती देतो तो एकाच्या मालकीचा करता येत नाही. दोन्ही अर्ज नामंजूर. टाका कुणीही घालावा. हवं तर दुकानाला नाव द्या आणि नावाची नोंदणी करा, असं अधिकाऱ्यांनी उठता उठता सुचवलंही.

जिन्यात साडूनं त्याला गाठलं. आता तो हसत नव्हता आणि अहो-जाहोही संपलं होतं.

"मिळालं समाधान? स्वतःचं नाक कापून मला अपशकुन केलास. आता उद्या कुणीही उठेल आणि लाल टाका मारेल."

"मारू दे. तुझा तरी झाला नाही."

"तुझाही राहिला नाही, मूर्खा."

"माझा नव्हताच. तिचा होता."

"अरे, ती आहे कुठं?"

पिशवीवाल्याचा हात उठलाच असता, पण मधे मेहुणी आली. इतका वेळ ती मुक्यासारखी बसली होती. ती नवऱ्याकडे पाठ करून पिशवीवाल्यासमोर उभी राहिली.

"तुम्हाला वाटतं, मला ठाऊक नव्हतं टाका कशाला घालते ती?" तिचा आवाज बारीक होता, पण जिनाभर ऐकू जात होता. "मी मागितला होता, भावोजी. तिच्या दारात जाऊन मागितला होता. मला शिकव म्हटलं, आमच्या पिशव्या परत येतात, हे माझ्यावर डाफरतात. ती काय म्हणाली माहीत आहे? तुझा नवरा विकून खाईल, म्हणाली. नाही शिकवणार. सख्खी बहीण मी. पाठीला पाठ लावून आलेली."

"मला कधी बोलली नाही ती," पिशवीवाला म्हणाला.

"कशी बोलेल? तुमच्यासमोर ती देवी होती ना."

ती जिना उतरून गेली. साडू तिच्या मागे दोन पायऱ्या अंतर ठेवून गेला.

परतताना मुलगी चार पावलं पुढेच चालत राहिली. दुकानाचं कुलूप काढताना म्हणाली, "कागदावर काय आलं असतं ते कुणी वाचलं असतं, बाबा? फायलीत पडलं असतं. टाका मात्र राहिला असता."

"मी वाचलं असतं."

"तुम्ही एकटे."

"हो. मी एकटाच."

तिनं दार इतक्या जोरात ढकललं की भिंतीवरचा चुना पडला. मोठ्या दुकानाचं काम गेलं. ठेवायच्या होत्या त्या दोन बायकांना 'येऊ नका' म्हणून तिनं स्वतः जाऊन सांगितलं, आणि आल्यावर बापाला जेवायला वाढलं ते ताट आपटून. बाजारात लाल टाक्याच्या पिशव्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. कुणी पेंटनं टाका नुसता रंगवला, कुणी मशिनीवर मारला. ज्यांचे बंद तुटले ती माणसं इथं येऊन भांडायला लागली, आणि पिशवीवाला त्यांना पिशवी आमची नाही हे सांगता सांगता घसा कोरडा करून घ्यायचा.

अशाच एका दुपारी मेहुणी दारात आली. हातात पिशवी नव्हती, सुईची डबी होती.

"तुझ्याकडे आलेय," ती मुलीला म्हणाली. त्याच्याकडे तिनं बघितलंच नाही. "आता तो टाका कुणाचाच नाही ना? सरकारनंच सांगितलंय. मग शिकव मला."

पिशवीवाला म्हणाला, "तिनं नाही म्हटलं होतं."

"मी हिला विचारतेय."

"घर माझं आहे. तिनं नाही म्हटलं ते मी हो कसं करू?"

"तुम्ही कशाला करताय?" मुलगी म्हणाली. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. "टाका पिशवीला लागतो, असं भर खोलीत तुम्हीच सांगितलंत. मग मावशीच्या पिशवीला लागत नाही का? आईचं आणि मावशीचं काय होतं ते त्या दोघींचं. बस गं मावशी. पण काकांना इथं पाय ठेवू देणार नाही मी."

"मी तरी कुठं आणलंय त्यांना? विचारून पण आले नाही," मेहुणी म्हणाली आणि बसली. बायकोच्या जागेवर नाही. तिनं ती जागा बरोबर ओळखली आणि तिच्या बाजूला चटई ओढून घेतली.

पिशवीवाला उठून गेला असता. चपलेत एक पायही घातला होता त्यानं. पण कापड अर्धं कापलेलं होतं, आणि अर्धं कापलेलं कापड सोडून तो कधी उठला नव्हता. त्यानं दोघींकडे पाठ केली आणि कात्री चालवायला लागला. मागं मुलगी सांगत होती, सुई आतून घे, पट्टी सोडू नकोस, हां, आता उलट फिरव. मेहुणी कण्हत होती, बोट टोचून घेत होती, बहिणीच्या नावानं पुटपुटत होती. मग दोरा खेचल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "झालं."

"झालं," मुलगीही म्हणाली, पण जरा थांबून.

त्यानं तो आवाज आयुष्यभर ऐकला होता. चांगला बसलेला दोरा शेवटी कुरकुरतो. हा कुरकुरला नव्हता.

"सैल आहे," तो पाठमोराच म्हणाला. "उसव."

मेहुणी काहीतरी तिखट बोलणार, असं त्याला वाटलं, आणि ती बोलली असती तर त्याला बरंच वाटलं असतं. पण तिनं डबीतून छोटी कात्री काढल्याचा आवाज आला आणि ती एक एक धागा कापायला लागली.